१४. दाण्यांचं वय

“तिरका लागलाय,” काका म्हणाले.

एकतीस वर्षांनी सख्ख्या भावाच्या घरात पाऊल टाकल्यावर ते काहीतरी बोलतील, आणि ते काहीतरी मोठं असेल, अशी सगळ्यांनी मनाची तयारी करून ठेवली होती. ते बोलले ते भिंतीवरच्या नकाशाबद्दल. टेकडीचा तो नकाशा त्यांनीच काढलेला होता, अप्पांच्या उत्खननाच्या तिसऱ्या वर्षी, आणि तो डावीकडून बोटभर खाली आला होता हे खरंच होतं.

“तो तसाच असतो,” अप्पा खुर्चीतून न उठता म्हणाले. “बस.”

एवढ्यावर भरतभेट आटोपली. आईने चहाचं आधण वाढवलं.

दादाला हे बरंच वाटलं. रडारड झाली असती तर अर्धा तास त्यात गेला असता, आणि त्याच्याकडे अर्धा तास नव्हता. रविवारचे साडेदहा वाजले होते. उद्या सकाळी संग्रहालयाच्या नव्या दालनाची पितळी पाटी ओतायला जायची होती आणि पाटीच्या दुसऱ्याच ओळीत ‘बावन्नशे वर्षांपूर्वीचे धान्य’ असे शब्द होते. संग्रहालयाचा प्रमुख तो, पाटीवरच्या मजकुराखाली सही त्याची, आकडा अप्पांच्या ग्रंथातला. आणि तो आकडा चुकलाय म्हणणारी त्याची सख्खी बहीण समोर बसून चहात बिस्किट बुडवत होती.

चव्वेचाळीस वर्षांची झाली, कालमापनाच्या प्रयोगशाळेत तिच्या हाताखाली नऊ माणसं होती, तरी घरात ती चिमणीच.

खरी गंमत अशी की हे दुखणं दादाने स्वतःच ओढवून घेतलं होतं. पाटीखाली ‘आधुनिक चाचणीने सिद्ध’ अशी एक ओळ टाकता यावी म्हणून त्यानेच चार महिन्यांपूर्वी चिमणीला कोठारातलं मातीचं एक ढेकूळ दिलं होतं. अप्पांच्या खोदकामातलं, कधीच न फोडलेलं. आत जळके जव असणार हे माहीत होतं. ती ओळ आता काही केल्या येणार नव्हती.

“पुन्हा एकदा सांग,” तो म्हणाला. “सगळ्यांसमोर. आणि जरा सोपं करून.”

“सोपंच आहे,” चिमणी म्हणाली. “रोप जिवंत असेपर्यंत हवेतला कार्बन घेतं. मेलं की घेणं बंद. मग त्यातला एक प्रकारचा कार्बन ठरलेल्या गतीनं कमी होत जातो. किती उरलाय ते मोजायचं, वय कळतं. अप्पांनी बत्तीस वर्षांपूर्वी पेवातले मूठभर दाणे पाठवले होते, तेव्हा तेवढे लागायचे. उत्तर आलं बावन्नशे. हल्ली एक दाणा पुरतो. मी त्याच पेवातले तीन मोजले. तिन्हींचं उत्तर अडतीसशे.”

“यंत्रात काही बिघाड…”

“दोन माझ्या यंत्रावर मोजले. तिसरा दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवला, नुसता नंबर घालून. कुठला, कुणाचा, काही सांगितलं नाही. त्यांचंही अडतीसशे. वर सगळे आकडे झाडांच्या वर्तुळांशी ताडून घेतले. एक वर्तुळ म्हणजे एक वर्ष. तिथे कुणाची मतं चालत नाहीत.”

पेव म्हणजे टेकडीच्या पोटात सापडलेला धान्य साठवायचा खड्डा. अप्पांच्या ग्रंथाचे तीनही खंड त्या खड्ड्यावर उभे होते. नुसते खंडच असते तर एक वेळ चाललं असतं. पण आसपासच्या अकरा टेकड्यांची वयंही त्या पेवावरूनच ठरली होती. कुणी नवी टेकडी खोदली, अप्पांच्या पेवातल्यासारखं खापर निघालं, की लिहून मोकळं व्हायचं, बावन्नशे. दादाच्या डोळ्यांपुढे अकरा टेकड्या एकापाठोपाठ एक घरंगळल्या आणि शेवटी स्वतःची खुर्ची.

“उंदीर,” अप्पा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. ब्याऐंशीव्या वर्षी अप्पांचा आवाज बारीक झाला होता, पण वर्गात बोलल्यासारखं थांबत थांबत बोलायची सवय गेली नव्हती.

“वरच्या थरात नंतर कधी लोक राहून गेले असतील. त्यांचे दाणे उंदरांनी बिळातून खाली नेले. तुला सापडले ते हे नंतरचे. मी मोजले ते मूळचे. खोदणाऱ्याला हे पहिल्या वर्षी शिकवतात.”

दादाने सुटकेचा श्वास टाकला. “हे असू शकतं ना, चिमे? आपण तसं लिहू शकतो. दोन काळांचं धान्य.”

“पेवाला आतून चुन्याचा गिलावा होता,” काका म्हणाले. चहाचा कप त्यांनी बशीत इतका अलगद ठेवला की आवाजसुद्धा झाला नाही. “तळाला वीतभर जाड. मी स्वतः मोजून काढलाय. वरून जळक्या मातीचं झाकण पडलेलं, अखंड. उंदीर काय छिन्नी-हातोडा घेऊन आला होता?”

“तू अजून गिलाव्यातच आहेस,” अप्पा म्हणाले.

“मी जे काढलं त्यात आहे. तू तुझ्या आकड्यात आहेस.”

हे बोलणं एकतीस वर्षांपूर्वी जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं. तेव्हा काका छावणीत खापरांची चित्रं काढत. प्रयोगशाळेचं पत्र आलं त्या दिवशी ते म्हणाले होते की ही भांडी एवढी जुनी असूच शकत नाहीत. काठ असा वळवायची रीत फार तर चार हजार वर्षांची. अप्पा म्हणाले होते, तू चित्रं काढ. तीन महिन्यांनी काका गेले. पुढे कुणाच्या आजारपणालाही आले नाहीत.

चिमणीनेच या वेळी त्यांना बोलावलं होतं, गिलाव्याच्या मोजमापासाठी. निदान घरच्यांना तिने तसं सांगितलं. तिच्या पर्समध्ये एक पत्र होतं आणि ते ती अकरा दिवस घेऊन हिंडत होती. ज्या नियतकालिकाकडे तिने निकाल पाठवला त्यांच्या परीक्षकाचं. सभ्य भाषेतलं, दीड पानी. त्यातलं एक वाक्य तिला पाठ झालं होतं. ते वाक्य घरात वाचायचं तर बाहेरचं कुणीतरी समोर हवं होतं, आणि बाहेरचं म्हणावं असं घरचं माणूस एकच होतं.

“उंदीर नाहीत, यंत्र नाही,” ती म्हणाली. “मग एकच उरतं. वाचते. ‘प्रश्न दाण्यांच्या वयाचा नसून, बत्तीस वर्षांपूर्वी मोजलेले दाणे खरोखर याच पेवातले होते काय, हा आहे.’”

दादाला आधी अर्थ लागला नाही. मग लागला. “म्हणजे बदलले? कुणी?”

चिमणीने अप्पांकडे पाहिलं. तिला वाटलं होतं की आपण हे शांतपणे विचारू, प्रयोगशाळेत विचारतो तसं. तिचा आवाज मात्र चिरका आला.

“अप्पा, पाठवलेले दाणे कुठले होते?”

“पेवातले.”

“नक्की?”

“मी दुसरीकडचे जुने दाणे घातले असतील, असं तुला वाटतं?”

“मला काही वाटत नाही. मला खात्री हवी आहे.”

अप्पांनी चहाचा कप बाजूला सारला. तिला रागाची अपेक्षा होती. कप आपटला असता तर तिला बरं वाटलं असतं. ते नुसते टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. खापराची धार बघतात तसा.

“अप्पा, तुमच्यावर कुणी काही…” दादा सुरू झाला, आणि त्याला मध्येच आठवलं की ग्रंथाआधी अप्पांना कुणी ओळखत नव्हतं, आणि बावन्नशेच्या बातमीनंतर त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग काढला गेला होता. विचार यायला नको होता, पण आला, आणि त्याच्या चेहऱ्यावर तो सगळ्यांना दिसला. अप्पांनाही दिसला. दहा मिनिटांपूर्वीपर्यंत हा मुलगा त्यांच्या बाजूला होता.

“पुरे,” काका म्हणाले.

आता हा बोलणार, आणि एकतीस वर्षांचं सगळं काढणार, असं दादाला वाटलं. चिमणीलाही वाटलं. तिला एकदम आपण कुणाला घरात आणून बसवलंय याची लाज वाटली.

“तो हट्टी आहे,” काका म्हणाले. “कुणाचं ऐकत नाही. माझं तर नाहीच. पण खोटारडा नाही. ज्या दिवशी पेव उघडलं त्या दिवशी खाली आम्ही दोघंच होतो, तो आणि मी. घमेलं मी वर दिलं. ते दाणे पेवातलेच होते. लिहून हवं असेल तर लिहून देतो.”

“तुम्ही?” चिमणी म्हणाली.

“मग कोण? मी म्हणत होतो वय चूक आहे. दाणे चूक आहेत असं मी कधी म्हटलं?”

अप्पांनी मान वर केली. “तुझं वय तरी कशावरून बरोबर होतं?”

“भांड्यांवरून.”

“आणि भांड्यांचं वय?”

“पलीकडच्या टेकडीवरून. तिथे तशीच निघाली होती.”

“त्या टेकडीचं?”

“तिथे मुद्रा निघाली होती. राजाची.”

“आणि राजाचं?”

काका हसले. आल्यापासून पहिल्यांदा. “राजांच्या यादीवरून. ती यादी त्याच्याच दरबारात लिहिलेली. आपला राजा जितका जुना तितका पगार बरा.”

“म्हणजे तूही कुणाच्यातरी शब्दावरच बसला होतास.”

“बसलोच होतो. पण मला ठाऊक होतं कशावर बसलोय ते. तुझ्या टिपणवहीत तू स्वतः काय लिहिलं होतंस, पत्र यायच्या आधी? ‘फार तर चार हजार.’ मी वाचलं होतं. मग पत्र आलं आणि तू स्वतःचंच वाक्य खोडलंस. माझं सोड. स्वतःचंसुद्धा ऐकलं नाहीस.”

“एकतीस वर्षं मला तेच आठवतंय,” अप्पा म्हणाले. “मला वाटलं, आकडा माझ्यापेक्षा शहाणा असेल. आणि खरं सांगायचं तर, मोठा होता म्हणून आवडलाही.”

हे वाक्य भावाच्या तोंडून ऐकायचं म्हणून काकांनी किती उत्तरं तयार करून ठेवली होती. त्यातलं एकही आता कामाचं उरलं नाही. समोर पाहिलं तर एक म्हातारा बसला होता आणि त्याची मुलगी त्याला चोर आहेस का म्हणून विचारत होती. काकांना बरोबर ठरल्याचा आनंद झाला नाही. त्यांना घरी जावंसं वाटलं.

“मग उरलं काय?” दादा वैतागून म्हणाला. “दाणे तेच, पेव तेच, दोन्ही मोजण्या बरोबर. आणि मध्ये चौदाशे वर्षं. हे जाहीर कसं करायचं? लोक एकच अर्थ काढतील.”

आई इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सत्त्याहत्तर वर्षांची, हातात गाळणं. तिला भीती वाटत होती. अशी भीती तिला एकदाच वाटली होती, चोवीस वर्षांपूर्वी, याच टेबलापाशी, आणि तेव्हा ती गप्प बसली होती. तेव्हा गप्प बसून भागलं. आता समोर तिच्या माणसाला चोर ठरवत होते, आणि तो स्वतःच्या बाजूनं भांडतही नव्हता, नुसता टेबलाची कड चाचपत होता.

ती आत आली. गाळणं तिने टेबलावर ठेवलं. त्यातून चहा ठिबकून चिमणीच्या पत्रावर डाग पडला.

“मेण,” ती म्हणाली.

“काय?”

“मी दाण्यांना मेण लावलं होतं. पाठवलेल्या दाण्यांना. चिमणीला जे मिळाले ते मातीच्या ढेकळातले, त्यांना माझा हात लागला नव्हता.”

“कसलं मेण?” अप्पांनी विचारलं.

“मेणबत्तीचं. छावणीतल्या. दाणे हातात धरले की पीठ व्हायचं. श्वास लागला तरी फुटायचे. तुम्ही म्हणालात, महिन्याभरात मूठभर जमव, अख्खे. कसे जमवणार? मी मेण पातळ केलं आणि चिमट्यानं एकेक दाणा बुडवून काढला. इतकं पातळ की दिसायचं नाही. एकही फुटला नाही मग.”

चिमणीचं तोंड उघडंच राहिलं. पुढचं तिला सांगायची गरज नव्हती, पण दादाला होती.

“मेण म्हणजे तेल,” ती सावकाश म्हणाली. “जमिनीखालचं. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं. त्यात तो मोजायचा कार्बन औषधालाही उरलेला नसतो. दाण्यावर थोडं जरी राहिलं तरी दाणा आहे त्यापेक्षा म्हातारा दिसतो. पण प्रयोगशाळेनं धुऊन काढायला हवं होतं. ते विचारतात. फॉर्मवर रकाना असतो, ‘नमुन्याला काही लावले आहे काय?’”

“होता,” अप्पा म्हणाले. “मी ‘नाही’ लिहिलं.”

“तुम्ही आईला विचारलं नाहीत?”

विचारायचं असतं हे अप्पांच्या तेव्हा गावीही नव्हतं, आणि आज ते सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. उलट त्यांना प्रयोगशाळेच्या पत्रातलं शेवटचं वाक्य आठवलं, ‘नमुने अतिशय सुस्थितीत मिळाले’. ते वाक्य त्यांनी कित्येक व्याख्यानांत सांगितलं होतं, आपल्या शिस्तीचा दाखला म्हणून.

“हे आईच्या आठवणीवर लिहायचं?” दादा म्हणाला. तो वाईट हेतूने बोलला नाही, पण बोलला. “बत्तीस वर्षांपूर्वीच्या?”

“नका ठेवू माझ्या शब्दावर,” आई म्हणाली. “तपासा.”

मागच्या खोलीतल्या मांडणीवरून सात नंबरची बरणी तिनेच आणली. तेव्हा मूठभर पाठवून उरलेले दाणे तिच्यात होते. चिमणीने शिवायची सुई मागितली, ती गॅसवर तापवली आणि भिंगाखाली एका दाण्याला टोक टेकवलं. पाचही डोकी एकत्र आली. काकांचं कपाळ अप्पांच्या कपाळाला लागलं आणि दोघांनीही ते मागे घेतलं नाही. सुईच्या टोकाशी काळ्या सालीवर एक चकचकीत थेंब उभा राहिला. वीज गेल्यावर घरात येतो तसला वास आला.

“मेण,” काका म्हणाले.

“या बरणीतले चार दाणे नीट धुऊन मोजते,” चिमणी म्हणाली. “अडतीसशे आले की कुणाला बोलायला जागाच नाही. महिनाभरात.” मग ती आईकडे वळली. “तुला हे कधी कळलं? मेणाचं?”

“तू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतीस. इथंच बसून तुझ्या अप्पांना सांगत होतीस, जमिनीतलं तेल किती जुनं असतं, आणि ते नमुन्यात गेलं तर काय घोटाळा होतो. पेट्रोल म्हणालीस, डांबर म्हणालीस, मग मेणबत्ती म्हणालीस. मी भांडी घासत होते.”

“चोवीस वर्षं!”

“तेव्हा ग्रंथ छापून झाला होता. सत्कार झाले होते. भावजींना जाऊन सात वर्षं झाली होती.” आई काकांकडे पाहून बोलत होती. “मला वाटलं, आता एका वाक्यानं काय परत येणार आहे? आणि भीती वाटली. ते जास्त खरं. भावजी, तुम्ही बरोबर होतात, आणि मला ते ठाऊक होतं, आणि मी पत्रसुद्धा टाकलं नाही. याची मला रोज लाज वाटायची.”

काकांनी घसा साफ केला. “वहिनी, मी बरोबर होतो याचं आता या वयात काय लोणचं घालायचंय? तुम्ही तेव्हा लिहिलं असतं तरी मी आलो नसतो. मला बरोबर ठरायचं नव्हतं. त्यानं मला विचारावं एवढंच होतं.”

अप्पा भिंगातून अजून तो दाणा पाहत होते. पाहायचं काही उरलं नव्हतं.

दादाची गाडी मात्र एकदम रुळावर आली. चोरी नव्हती. लबाडी नव्हती. चूक होती, आणि चूक ही चांगल्या शब्दांत लिहिता येते, हे तर त्याचं रोजचं काम होतं. त्याने लॅपटॉप उघडला. पाटीवर अडतीसशे जाईल, ओतणाऱ्याला उद्या सकाळीच नवा मजकूर देऊ. नियतकालिकाला खुलासा आजच. अकरा टेकड्यावाल्यांना त्याच्या प्रती. अप्पांच्या सहीने गेला तर कुणाची बोलायची टाप नाही. तो टाइप करत गेला आणि वाचत गेला.

“‘तत्कालीन छावणीतील साहाय्यकांकडून नमुन्याच्या जतनासाठी अनवधानाने मेणाचा वापर झाल्याचे निदर्शनास आले असून…’ कसं वाटतं?”

“साहाय्यक कोण?” आईने विचारलं.

“तसं म्हणायची पद्धत असते, आई. कुणावर बोट नको म्हणून.”

“ते काढ,” अप्पा म्हणाले. भिंग त्यांनी खाली ठेवलं होतं. “लिही. नमुन्याची संपूर्ण जबाबदारी माझी होती. रकाना मी भरला. चूक माझी आहे. बाकी कुणाचाही उल्लेख नको.”

दादाला गलबलून आलं. चिमणी उठून अप्पांच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मघाशी विचारलेलं तिला परत घेता आलं असतं तर तिने घेतलं असतं. काकांनीही मान हलवली. भाऊ असा असू शकतो हे ते विसरले होते. सगळ्यांना ते उत्तर एकदम पसंत पडलं.

“नको,” आई म्हणाली.

“अगं, मी अंगावर घेतोय ना सगळं.”

“तेच नको म्हणतेय.” ती बसली. या बैठकीत ती पहिल्यांदाच बसली. “सहा हंगाम मी त्या छावणीत होते. माती पाण्यात कालवायची, वर तरंगेल ते फडक्यावर घ्यायचं, वाळवायचं, आणि भिंग लावून एकेक दाणा वेगळा काढायचा. बावीस हजार चारशे दाणे. जव वेगळे, गहू वेगळे, तण वेगळं. तुमच्या दुसऱ्या खंडात त्याचं चाळीस पानांचं कोष्टक आहे. त्याच्याखाली काय लिहिलंय तुम्ही?”

अप्पांना आठवत नव्हतं. काकांना आठवत होतं.

“‘वेचणी छावणीत झाली,’” आई म्हणाली. “छावणी दाणे वेचत नाही हो. मी कधी बोलले नाही. घरचंच काम, म्हटलं, कशाला. बावीस हजार दाणे छावणीच्या नावावर गेले. आता हे एक आहे जे माझ्या हातून झालंय असं कुणालाही नाकारता येत नाही, आत्ता सुईनं बघितलंत सगळ्यांनी, तर तेही तुम्ही घेऊन चाललात. निदान चूक तरी माझी राहू द्या.”

“लोक तुला नावं ठेवतील,” दादा म्हणाला.

“ठेवू देत. नाव छापलं तर ठेवतील ना?”

अप्पांनी बायकोकडे पाहिलं. बावन्न वर्षांत ते तिला अगं म्हणत आले होते, आणि मुलांशी बोलताना तुमची आई.

“लिही,” ते दादाला म्हणाले, आणि त्यांनी तिचं पूर्ण नाव सांगितलं. त्यांच्या तोंडून ते नाव मुलांनी कधी ऐकलंच नव्हतं. दादाची बोटं एक क्षण थांबली, मग चालू लागली. “हिने उत्खननाच्या सहाही हंगामांत धान्याची वेचणी केली. पाठवलेल्या दाण्यांना हिनेच मेण लावलं. मी तिला न विचारता ‘नाही’ असं लिहिलं. झालं?”

“झालं,” दादा म्हणाला.

“थांब, अजून एक. ते तिने लावलं नसतं तर मोजायला मूठभर दाणे उरलेच नसते, आणि जगात दुसऱ्या कुणाला हे सुचलंही नसतं. हेही घाल.”

“ते नको,” आई म्हणाली.

“का? खरं आहे ते.”

“ते तुमचं मत झालं. जे झालं तेवढंच लिहा.”